एका पिशवीसाठी उपास

...नाही, हसा तुम्ही, हसा! आख्खं वेसावे हसलंय, तुम्ही काय वेगळे! पण मला एक सांगा, कोळ्याच्या घरात काचेची टाकी बघितलीये कधी? ती हो, रंगीत मासे सोडतात ती, खाली गुलाबी खडी, वर ट्यूबलाइट! दातांच्या डॉक्टरकडे असते बघा, दाढ उपटायच्या आधी माणसाला जरा गार करायला. ती टाकी मी, चंदर, ज्याचा बाप दर्यावर गेला, आजा दर्यावर गेला, तो मी अंधेरीच्या दुकानातून विकत घेऊन, खांद्यावर मारून, भरदुपारी, बंदरावरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरी आणली! आणि वर त्यात मासा नाही! एक नाही! दुकानदार विचारतो, "अंकल, कौनसी मछली डालोगे?" म्हटलं, "मछली नहीं डालूंगा." "फिर कछुआ?" "कछुआ भी नहीं." "तो फिर डालोगे क्या?" आता काय सांगू त्याला? सांगून टाकलं, "बॅक्टेरिया." त्याने माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणतो, "अंकल, घर में सब ठीक है ना?"

घर में सब ठीक है ना! अरे ठीक असतं तर तुझ्याकडे आलो असतो का? आणि आमच्या शेजारचा तो मितेश, त्याला तर आयतं कोलीत! गल्लीच्या तोंडाशीच उभा. "काय रे चंदर, एवढा मोठा दर्या कमी पडला काय तुला? आता घरात पण जाळं टाकणार?" मी मान खाली घालून घरात शिरलो. आणि हे सगळं कशासाठी? एका पिशवीसाठी!

नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला पण वाटेल चंदरला ऊन लागलं. आमची कल्पिता. माझी पोरगी. एमेस्सी करते. कशात? मायक्रोबायोलॉजी! म्हणजे आपण ज्यांना मारायला फिनेल आणतो ना, हिला ते पाळायचेत. आमच्या घराण्यात पहिली पोरगी ही, जी टोपली घेऊन मार्केटात बसली नाही. हुशार हो, हुशार तर आहेच, माझ्यावर नाही गेली. तर तिच्या डोक्यात हे कधी आलं माहितीये? माझ्याच होडीवर! एकदा आली होती सोबत. मी जाळं ओढतोय, ओढतोय, जड लागतंय, मनात म्हणतोय आज देवी पावली... आणि वर काय येतं? बाटल्या! पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एका पायातली चप्पल... दुसऱ्या पायातली कधी येत नाही, हे पण बघून ठेवा. एकदा तर प्लास्टिकची आख्खी खुर्ची आली, चारही पाय शाबूत! मी तिच्यावर बसून घरी आलो. आणि ह्या सगळ्याच्या मधे एक पापलेट, ते पण असं तोंड करून, चुकून आलो बाबा, माफ करा.

मी शिव्या घालतोय, आणि ही काय म्हणते? "बाबा, ह्या बाटल्या फेकू नका. मला पाहिजेत." झालं! दुसऱ्या दिवसापासून ही पोरगी गोणी भरून कचरा कॉलेजात घेऊन जाते! लोकांच्या पोरी कॉलेजला डबा नेतात!

आता त्याचं पुढे काय करतात ते ऐका, मला पण आधी कळलं नव्हतं. त्या बाटल्या धुवायच्या, कापायच्या, कसल्याशा रसायनात शिजवायच्या, की त्याचं होतं पांढरं पीठ. ते पीठ पाण्यात कालवून बॅक्टेरियाला खायला घालायचं. ते खातात. आवडीने खातात! आणि खाऊन खाऊन सुटतात, आणि त्यांच्या अंगावर जी चरबी चढते ना, ती चरबी म्हणजेच प्लास्टिक! मी म्हटलं, थांब गं बाई. म्हणजे खायचं प्लास्टिक आणि अंगावर धरायचं पण प्लास्टिक? मग मधल्या मधे ह्यांनी दिवे काय लावले? तर म्हणते, "बाबा, बाटलीचं प्लास्टिक आपण मेलो, आपली नातवंडं मेली तरी जात नाही. ह्यांच्या चरबीचं प्लास्टिक मातीत घातलं की मातीतलेच दुसरे बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात. संपतं!" म्हणजे एक खाणार, दुसरा त्याची चरबी खाणार... मी म्हटलं हे तर आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखंच झालं. मितेशला सांगितलं तर पोटावर हात फिरवत म्हणतो, "चरबीची पिशवी होते? मग माझ्या एकट्यावर सगळं मार्केट चालेल रे!"

हसण्यावारी नेलं आम्ही. पण पोरीच्या मानेवर तलवार होती हो. तिचे सर आहेत, डेल्रॉय सर, मरोळ गावठाणातले, माणूस देवमाणूस पण विषयाला कडक. ते म्हणाले, "कल्पिता, बोलण्यात मला इंटरेस्ट नाही. वेसाव्याच्या कचऱ्यातून एक पिशवी कर. छोटी चालेल, पण तिच्यात एक पापलेट राहिलं पाहिजे. आणि ती पिशवी मातीत संपली पाहिजे. दोन्ही दाखवलंस तर पास. नाहीतर विषय बदल, वर्ष पुन्हा कर." वर्ष पुन्हा! त्या दिवसापासून पोरीची झोप उडाली, जेवण उडालं. जेवताना भिंतीकडे बघायची. मी विचारलं, "काय गं, भिंतीवर काय आहे?" तर म्हणते, "कार्बन." मला भिंत दिसते, हिला कार्बन दिसतो!

आणि वाट लागायची वेळ आली की सगळीकडून लागते ना, तसं ऐन वेळी कॉलेजात लॅबचं सीलिंग खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण लॅबला टाळं, दुरुस्ती सुरू. आता हिचे बॅक्टेरिया जाणार कुठे? सर म्हणाले, निरुपद्रवी जात आहे, कुणाला काही करत नाहीत, घरी ने, पण गरम ठेव आणि हवा दे. म्हणून ती टाकी! टाकीत कोमट पाणी, पाण्यात हिची काचेची बरणी, बरणीत ते... ते कसले, दिसत तर काही नव्हतं, पाणीच होतं! आणि त्यात एक नळी, नळीतून बुडबुडे, बुडबुड बुडबुड, दिवसरात्र! हॉलमधे! टीव्हीच्या शेजारी!

मग नियम सुरू. पंखा बंद! का? पाण्याचं टेम्परेचर हलतं. मे महिना, मी घामाने निथळतोय, आणि ते तिकडे कोमट पाण्यात बुडबुडे घेत पडलेत, हॉटेलात उतरल्यासारखे! फिनेल बंद! अगरबत्ती बंद! जोरात दार आपटायचं बंद! मी म्हटलं, शिंकलो तर चालेल की परवानगी काढू? एकदा लाइट गेली तर पोरगी किंचाळली, "हवा! बाबा, हवा!" मला वाटलं हिलाच काही झालं! तर नाही, बुडबुडे थांबले, ते गुदमरणार! मी आणि आमची राधा, म्हणजे माझी बायको, सायकलचा पंप घेऊन आळीपाळीने त्या बरणीला हवा मारतोय, लाइट येईपर्यंत! राधा म्हणते, "मला बाळंतपणाला हॉस्पिटलात नेलं तेव्हा एवढी धावपळ केली नव्हती तुम्ही." मी आपला हवा मारत राहिलो. कशासाठी? एका पिशवीसाठी!

आणि आता येते माझी आई. कृष्णाबाई. आख्खा कोळीवाडा तिला बय म्हणतो, मी पण बयच म्हणतो. अजून अंधेरीच्या मार्केटात बसते, अजून गिऱ्हाइकाला असं सुनावते की तो मासे घेऊन वर सॉरी म्हणून जातो. आणि बयची एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. तिला कुणी उपाशी बघवत नाही. कुणी म्हणजे कुणीच! मांजरं सोडा, कावळे सोडा. एकदा प्लास्टिकबंदीवाला माणूस आला तिच्या पिशव्या जप्त करायला. ही त्याला म्हणते, "सकालपासून काय खाल्लंस का रं बाबा? तोंड बघ कसं सुकलंय." त्याला बसवला, बोंबील तळून आणून घातला! तो बिचारा खातोय, डोळे पुसतोय आणि एका हाताने पिशव्या गोळा करतोय. असं आमचं घर. दारातून आत आला आणि न खाता गेला, असं आमच्या दारात कधी झालं नाही.

आणि अशा घरात आमची पोरगी एके सकाळी येऊन सांगते, आजपासून ह्यांचा उपास!

हो! उपास! मला पण तेच वाटलं, एवढे दिवस खायला घालून घालून वाढवलं आणि आता? तर म्हणते, "बाबा, आता ह्यांची संख्या भरपूर झाली. आता प्लास्टिकचं पाणी मनसोक्त द्यायचं, पण नायट्रोजन तोडायचा. नायट्रोजन नसला की ह्यांना पोरं होत नाहीत. पोरं होत नाहीत मग खाल्लेलं करणार काय? पुढे वाईट दिवस येतील म्हणून सगळं अंगावर साठवून ठेवतात. तीच आपली पिशवी." मला पटलं. माणसाचं पण तेच असतं. पण बय तिथे कोलंबी सोलत बसलेली, तिचे कान टवकारले.

"नायट्रोजन म्हंजे काय गो पोरी?"

"अगं बय, डाळीत असतो, अंड्यात, मासळीत..."

"म्हंजे मासली द्यायची नाय त्यांना?"

"थेंब पण नाही!"

"मंग खायचं काय बिचाऱ्यांनी?"

"प्लास्टिक देतेय ना!"

"प्लास्टिक काय खायची वस्तू हाय गो? गाय खाते तर तुमी पेपरात फोटो छापता!"

 कल्पिता हसली, आजीच्या गालाला हात लावला आणि गेली कॉलेजात. आणि मी, मला मेल्याला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण बय उठली, टाकीपाशी गेली, चष्मा लावला आणि बघत बसली. बराच वेळ. मग मला म्हणते, "चंदर, बघ रं. कशी तोंडं उघडतात."

"बय, ते बुडबुडे आहेत. नळीतून येतात."

"तुला नाय कलायचं. भुकेलं तोंड मना कलतं."

बघा हं. आता इथून पुढे काय झालं ते तुम्हाला आधीच कळलंय, मला माहितीये, तोंडावर दिसतंय तुमच्या. पण आम्हाला नाही कळलं! का नाही कळलं? कारण पाणी दुधासारखं झालं! दाट! रोज बघावं तर कालच्यापेक्षा दाट! कल्पिता खूष, मी खूष, मी तर मितेशला बोलावून दाखवलं, "बघ! ह्याला म्हणतात प्रगती!" आणि वास? वास येत होता ना! जवळ्याचा! सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोलंबीचा, चांगला सणसणीत! पण साहेब, कोळीवाड्यात जवळ्याचा वास आला म्हणून कोण दचकणार? आमच्या उशीला येतो! दुसऱ्या कुणाच्या घरात असता तर त्याच दिवशी पकडला गेला असता. आमच्या घरात वास नसता तर संशय आला असता!

मग लॅब उघडली, बरणी कॉलेजात गेली. दाखवायचा दिवस. मी इस्त्रीचा शर्ट, बय हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात टोपली, टोपलीत एक पापलेट, खास निवडून आणलेलं. पिशवीत घालायचं म्हणून. डेल्रॉय सर, अजून दोन मॅडम, सगळे पांढऱ्या कोटात. ते दुधासारखं पाणी एका यंत्रात गरागरा फिरवलं, खाली गाळ बसला, तो धुतला, सुकवला, कसल्याशा औषधात विरघळवला, काचेवर ओतला... हे सगळं तसं लगेच होत नाही हो, मधे दोनदा घरी येऊन परत गेलो, बय प्रत्येक वेळी नवीन पापलेट घेऊन! आणि शेवटी काचेवर काय राहिलं? दुधावरची साय पण जाड असते! नखाएवढा एक पापुद्रा. त्यात पापलेट सोडा, पापलेटाचा डोळा राहिला नसता.

कल्पिताचा चेहरा... मी बघितला आणि दुसरीकडे बघायला लागलो.

सरांनी जे थोडं पाणी उरलं होतं ते बारीक जीव बघायच्या दुर्बिणीखाली घातलं. बघितलं. परत बघितलं. "कल्पिता, ह्यांच्यात चरबीचा एक दाणा नाही. सगळे सडपातळ, आणि पोरांची ही एवढी गर्दी! ह्यांना कुणीतरी नायट्रोजन दिलाय." मग सरांनी बरणी उचलली, झाकण काढलं, नाकाशी नेली... आणि थांबले. अहो, माणूस मरोळ गावठाणात वाढलेला! त्याच्या आईने आयुष्यभर तेच रांधलं! बरणी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "हा वास मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो. हा जवळा आहे."

 आणि माझी आई, अभिमानाने, पदर खोचून, "मीच घातलं! रोज, पोरगी गेली की! जवल्याचं पानी, एक-एक वाटी! बघा ना सर, कशी जोमात हायत! पोरं पन झाली म्हंता!"

पोरं पण झाली म्हणता! बारशाचं आमंत्रण द्यायचं बाकी होतं फक्त!

तुम्हाला सांगतो, पोरगी ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. ओरडली नाही. रिक्षात तोंड फिरवून बाहेर बघत बसली. बय मधे बसलेली, मांडीवर ते पापलेट, एकदा हिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. घरी आल्यावर कल्पिता टाकीपाशी बसली आणि बुडबुड्यांची नळी काढून हातात धरून रडली.  मी पन्नास वादळं बघितलीत, होडी उलटलेली बघितलीये, पण ते मला बघवलं नाही. खोटं कशाला बोलू? आईचा पण राग आला आणि आईची पण दया आली. खायला घातलं म्हणून कुणाला ओरडायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

सर म्हणाले होते, एकदा अजून. शेवटचं. लॅबमधे आता दुसऱ्यांची पाळी, म्हणून बरणी परत आमच्याच टाकीत, तर मी बयला समजावायला गेलो. ती आधीच भिंतीला टेकून बसलेली. म्हणते, "मना समजलं. मी हात लावनार नाय. पन ऐक, ती उपाशी ऱ्हानार तर मी पन मासली खानार नाय. ती जेवतील तवा मी जेवेन." मी म्हटलं, बय, ते बॅक्टेरिया आहेत! "जीव हाय ना?" म्हणते. आता जीव तर आहे! मग राधा म्हणाली, घरात मासळीच नको, हात घसरायला नको, एक थेंब उडायला नको. झालं! ठराव पास! घरात मासळी बंद!

अहो, कोळ्याच्या घरात! मी पहाटे दर्यावर जायचो, सुरमई आणायचो, हलवा आणायचो, बय ती मार्केटात विकायची, आणि घरी येऊन मी काय खायचो? दुधी! दुधीची भाजी! तुम्हाला कल्पना आहे का दुधी म्हणजे काय? पाण्याला साल आलेली असते! दुसऱ्या दिवशी पडवळ! तिसऱ्या दिवशी साबुदाणा! माझी जीभ मला विचारायला लागली, आपण कोकणस्थ कधी झालो? आणि तो मितेश, तो हरामखोर मुद्दाम आमच्या खिडकीसमोर चूल मांडून बोंबील तळायचा आणि पुठ्ठ्याने वारा आमच्याकडे घालायचा! "घे रे चंदर, वास तरी घे, वासात नायट्रोजन नसतो!" आणि ते बघा, ते बरणीतले, ते प्लास्टिक हादडून हादडून सुटतायत! उपास त्यांचा आणि वाळतोय मी! कशासाठी? एका पिशवीसाठी!

पण जमलं. ह्या वेळी जमलं! पाणी जरा पिवळसर, फार दाट नाही, पण सरांनी दुर्बिणीत बघितलं आणि मला बोलावलं, "या, बघा." मी एक डोळा मिटून बघितलं. बारीक बारीक काड्या, आणि प्रत्येकीच्या पोटात चमचमणारे थेंब. गाभोळीसारखे, माशाच्या अंड्यांसारखे! गाभोळी भरलेली मासळी असते ना, तशी एकेक! मला गाभोळी कळते साहेब, मला लगेच कळलं की पोरगी जिंकली. आणि मग तो पडदा झाला, कडा चिकटवल्या, आणि झाली पिशवी. तळहाताएवढी, जरा पिवळट, जरा कडक. सरांनी बयच्या हातून पापलेट घेतलं, आत सोडलं, पिशवी वर उचलली... राहिलं! पापलेट राहिलं! दोन्ही मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं, तिथे कांदा पण नव्हता कारण सांगायला.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मला पण वाटलं! पण सर म्हणाले, "अर्धं काम झालं. आता ही मातीत पुरा. आणि ती संपली हे मला दाखवा."

बयचा चेहरा उतरला. "पुरायची?"

"हो, कृष्णाबाई. कुजली पाहिजे."

रिक्षात बसल्यावर तिने जे सुरू केलं! "खानाऱ्याला उपाशी ठेवा, नि केलेलं कुजवा! असलं कसलं गो तुमचं शिक्षान? एवढं शिकून हेच?" कल्पिता हसत होती. भारी गंमत वाटली तिला. कढीपत्त्याची कुंडी होती गॅलरीत, त्यात पुरायची ठरली. बय म्हणाली, "दे, मी पुरते. माज्या हातानं." आम्ही म्हटलं, वा! सुधारली!

सुधारली! मग काही आठवडे गेले. सरांचा फोन, काढून बघा. कल्पिताने माती उकरली आणि... पिशवी जशीच्या तशी! नवी कोरी! तेवढीच, तळहाताएवढी, मातीने जरा पिवळट, पण चकचकीत! धुतली असती तर परत विकता आली असती! पोरगी ती तशीच मातीत टाकून उठली. "बाबा, संपत नाहीये. हे पण जात नाही. सगळं फुकट." परत तेच तोंड, रिक्षातलं! आणि मी ती पिशवी हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली... आणि कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली. 'धन्यवाद, पुन्हा या.'

आता बॅक्टेरिया कितीही शिकलेले असले तरी 'धन्यवाद, पुन्हा या' असं छापत नाहीत ना हो!

मी तडक आईकडे. "बय. खरी कुठाय?" ती उठली, ट्रंक उघडली. वर हिरवं लुगडं, खाली लग्नाचं लुगडं, खाली माझ्या बाबांचा फोटो, आणि त्याच्या खाली, लक्ष देऊन ऐका, एक प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली, तिच्या आत दुसरी प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली, आणि तिच्या आत आमच्या पोरीची पिशवी! खराब होऊ नये म्हणून!

कल्पिता दारात उभी. मला वाटलं आता ही आजीला खाणार. बय तिच्याकडे बघून म्हणते, "पोरी, तू पयल्यांदा काय केलंस तर ही केलीस. मना मातीत नाय घालवली. तुजा बाप पयल्यांदा होडीवर गेला, तवाचा त्याचा सदरा बी हाय माज्याकडं." कल्पिता तिच्याशेजारी ट्रंकेला टेकून बसली, हसत होती की रडत होती मला कळलं नाही, आणि म्हणाली, "बय, ती राहिली तर मी नापास. ती संपली तर मी पास. तुला काय पाहिजे सांग." बयने पिशवीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "घे. पन मना पुरू दे. ह्या टायमाला खरं पुरते."

आणि पुरली! हळदकुंकू लावून! मी टोपी काढून उभा, राधाने डोक्यावरून पदर घेतला, शेजारच्या गॅलरीतून मितेश विचारतोय, "कोण गेलं रे?" माती लोटून झाल्यावर बय भीत भीत विचारते, "पोरी, मातीतल्यांचा पन उपास हाय का?" कल्पिता म्हणाली, "नाही गं बय. ह्यांना घाल. हवं ते घाल." अहो, त्या दिवसापासून ती कुंडी म्हणजे पंगत! जवळ्याचं पाणी, कोलंबीचं पाणी, बोंबील धुतलेलं पाणी, सकाळ-संध्याकाळ! कढीपत्ता माझ्या उंचीचा झाला!

परवा डेल्रॉय सर स्वतः आले घरी. कुंडी उपडी केली, माती पसरली, चाळली, भिंग लावून बघितलं. काही नाही! तुकडा नाही, कण नाही, पिशवीची खूण नाही. सर उठले, हात झटकले आणि म्हणाले, "काहीही शिल्लक नाही. फर्स्ट क्लास!" राधाने पेढे काढले. बय मातीकडे बघत म्हणते, "एवढं सगलं करून हातात काय ऱ्हायलं? काय नाय!" तर सर म्हणाले, "त्याचेच मार्क आहेत, कृष्णाबाई!"

मी पेढा हातात धरून तसाच उभा. आनंद झाला हो, पोरीचा आनंद कोणाला नाही होत! पण मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्यावर जातोय मी, आणि एवढ्या वर्षांत शेवटी हातात काही म्हणजे काही शिल्लक राहिलं नाही... मला नाही दिला कुणी फर्स्ट क्लास!